हात धुणं, हात धुऊन घेणं, हात झटकणं: इंग्रजी वाक्प्रचार समजून घ्यायचे कसे

अनुवादाची कामं नुकती घ्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका साप्ताहिकासाठी इंग्रजी लेखाचं मराठी करून दिलं. लेखात एक मंत्री होते, एक रखडलेला प्रकल्प होता आणि एक वाक्य होतं, 'द मिनिस्टर वॉश्ड हिज हँड्स ऑफ द प्रोजेक्ट'. मी बिनदिक्कत लिहिलं, 'मंत्र्यांनी प्रकल्पात हात धुऊन घेतले.' संध्याकाळी संपादकांचा फोन. "बाई, मंत्र्यांनी पैसे खाल्ले असं मूळ लेखात कुठे आहे ते मला दाखवा."

कुठेच नव्हतं. मूळ लेखातल्या मंत्र्यांनी हात झटकले होते, 'आता माझा या प्रकल्पाशी संबंध नाही' असं म्हटलं होतं. इंग्रजीतलं हे हात धुणं बायबलातून आलं. येशूला क्रूसावर द्यायची वेळ आली तेव्हा रोमन सुभेदार पिलात याने जमावासमोर पाणी मागवून हात धुतले आणि या रक्ताचा दोष आपल्यावर नाही असं जाहीर केलं. आपण मात्र वाहत्या गंगेत हात धुतो, म्हणजे संधी साधून घेतो. एखाद्याच्या हात धुऊन मागे लागतो, म्हणजे त्याचा पिच्छा सोडत नाही. हात तेच, पाणी तेच, आणि अर्थ तीन दिशांना तीन. अंक छापायला गेला नव्हता म्हणून वाचले.

त्या फोननंतर इंग्रजी वाक्प्रचार वाचायची एक रीत हळूहळू बसत गेली. दहावीच्या पेपरात पाच मार्कांसाठी पाठ केलेल्या यादीचा त्यात फारसा उपयोग झाला नाही. यादीत वाक्प्रचार आणि अर्थ एवढंच असतं. तो कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो हे नसतं, आणि खरी गोम तिथेच असते.

पहिली पायरी: आधी संशय यायला हवा

वाक्प्रचार ओळखणं हेच निम्मं काम. ऑफिसच्या मेलमध्ये अचानक हत्ती, मांजर, बादली किंवा शेंगदाणे आले तर कुणालाही शंका येते. 'देअर इज ॲन एलिफंट इन द रूम' वाचून खोलीत हत्ती शोधायला कुणी जात नाही. सगळ्यांना दिसत असलेली पण कुणी बोलून दाखवत नसलेली अडचण, एवढं थोड्या विचाराने लक्षात येतं.

फसवतात ती साधी दिसणारी वाक्यं. 'दे सेंट हिम टू कॉव्हेंट्री' वाचलं की वाटतं, बदली झाली असेल. कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधलं खरंखुरं शहर आहे. पण वाक्याचा अर्थ, त्याच्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलं, त्याला वाळीत टाकलं. 'द कॉफी इज ऑन द हाउस' मध्ये कॉफी घराच्या छपरावर ठेवलेली नाही, ती हॉटेलमालकातर्फे फुकट आहे. 'ही गॉट कोल्ड फीट' मधला माणूस मोजे शोधत नाहीये, त्याने ऐनवेळी कच खाल्ली आहे.

बोलण्यातले छोटे वाक्प्रचार तर याहून वाईट. तुम्ही म्हणालात, "आज ट्रॅफिक भयंकर होतं." समोरचा म्हणाला, "टेल मी अबाउट इट." आता तुम्ही त्याला चांदणी चौकापासूनची सगळी कथा सांगायला बसलात तर तो बिचारा ऐकून घेईल, पण त्याने ती मागितलेली नाही. त्याला म्हणायचं होतं, "मला काय सांगता!" आपण अगदी याच सुरात हेच म्हणतो. तसंच 'यू कॅन से दॅट अगेन'. पुन्हा म्हणून दाखवायचं नसतं. 'अगदी बरोबर बोललात' एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून माझी सवय अशी: वाक्यातला प्रत्येक शब्द येतोय, तरी वाक्य शेजारच्या वाक्याला जोडून लागत नाहीये, असं झालं की पेन्सिलीने खूण करायची. अर्थ लगेच शोधायचा नाही.

दुसरी पायरी: पुढचं-मागचं वाचा

भाच्याला नोकरी लागून आठवडा झाला असेल. त्याचा फोन, आवाज दबका. "मावशी, आमच्या कंपनीवर केस झालीय बहुतेक." कशावरून? तर साहेबाचा मेल आला होता. मेल असा होता: 'वुई आर नॉट आउट ऑफ द वुड्स येट. वुई हॅव सेंट द रिव्हाइज्ड कोट, सो द बॉल इज इन देअर कोर्ट. लेट्स नॉट जंप द गन अँड स्टार्ट हायरिंग.'

कोर्ट, गन आणि जंगल. पोराचा तरी काय दोष? कोर्ट म्हटलं की आपल्याला आधी तारीखच आठवते.

त्याला म्हटलं, एकेका शब्दाच्या मागे लागू नकोस. मेलमध्ये साधं, सरळ असं काय काय आहे ते सांग. तो म्हणाला, सुधारित दरपत्रक पाठवलंय आणि भरती सुरू करायची नाहीये. झालं तर मग. दर आपण पाठवले, म्हणजे आता उत्तर कुणी द्यायचं? त्यांनी. मग 'बॉल इज इन देअर कोर्ट' चा अर्थ दुसरा काय असणार? हे टेनिसचं कोर्ट. चेंडू जाळीपलीकडे गेलाय, आता मारायची पाळी त्यांची. मराठी वर्तमानपत्रांतही हल्ली चेंडू कुणाच्या तरी कोर्टात रोज पडलेला असतो.

भरती सुरू करायची नाही, म्हणजे घाई करायची नाही. 'जंप द गन' मधली बंदूक शर्यत सुरू करायची. ती वाजण्याआधीच जो पळत सुटतो तो 'जंप्स द गन'. आपला गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला उतावळा नवरा याच जातीचा, फक्त आपण त्याला जास्त हसतो. आणि काम अजून मिळालेलं नाही, तेव्हा 'नॉट आउट ऑफ द वुड्स' म्हणजे अजून संकट टळलेलं नाही. तिन्ही वाक्प्रचार शब्दकोश न उघडता लागले, कारण मधे दोन साधी वाक्यं उभी होती. बहुतेक वेळा ती असतातच.

या पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे कौतुकाचं आहे की तक्रारीचं, पुढे ढकलणारं की मागे खेचणारं? दिशा कळली की बारकावा नंतर पाहता येतो. दिशाच चुकली तर मग माझ्या अनुवादातल्यासारखे मंत्री भ्रष्ट होतात.

तिसरी पायरी: शब्द कुठल्या मैदानातून आला ते पाहा

मराठीत आपण एकमेकांना खो घालतो, घाण्याचा बैल होतो, सगळ्यांची मोट बांधतो. खेळ, शेत, विहीर, जातं यांतून आपली बोलणी आली. इंग्रजीची अशी मोठी कोठारं म्हणजे समुद्र, बायबल, आणि ब्रिटनमध्ये क्रिकेट तर अमेरिकेत बेसबॉल. कोठार ओळखलं की एकेक वाक्प्रचार वेगळा पाठ करावा लागत नाही.

क्रिकेटचे आपल्याला फुकटात मिळतात. 'बोल्ड ओव्हर' म्हणजे भारावून गेलेला, 'इट्स नॉट क्रिकेट' म्हणजे हे सभ्यपणाला धरून नाही. 'स्टिकी विकेट' समजायला मात्र जुनं क्रिकेट आठवावं लागतं. खेळपट्टी पावसात झाकत नसत तेव्हाची ही गोष्ट. ओल्या खेळपट्टीवर ऊन पडलं की ती चिकट व्हायची आणि चेंडू कसा उसळेल याचा नेम नसायचा. तेव्हा 'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे आपण बिकट अवस्थेत आहोत.

बेसबॉलमध्ये आपली दांडी उडते. हिंजवडीतल्या निम्म्या मीटिंगा याच खेळात चालतात आणि खेळ तर आपण पाहिलेला नसतो. 'गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर' म्हणजे अदमासे आकडा द्या, पैशापैशाचा हिशोब नको. 'टच बेस' म्हणजे थोडं बोलून घेऊ. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित वळण घेऊन आलेला प्रश्न. आपण तिथे 'गुगली टाकली' म्हणतो, तो त्यांचा सख्खा चुलतभाऊ. 'स्टेप अप टू द प्लेट' ऐकून जेवणाची सुट्टी झाली असं समजू नका. ती प्लेट म्हणजे मारणाऱ्याची मैदानातली जागा, आणि अर्थ असा की पुढे होऊन जबाबदारी घ्या.

'रेन चेक' माझा लाडका. पावसाने सामना बुडाला तर तिकिटाच्या बदल्यात पुढच्या सामन्याची सोय व्हायची, ती रेन चेक. तुम्ही सहकाऱ्याला चहाला बोलावलंत आणि तो म्हणाला 'आय विल टेक अ रेन चेक', तर त्याने आज नाही म्हटलंय आणि पुन्हा कधीतरी असं सुचवलंय. तो खरंच येईल का? पुण्यातल्या 'या एकदा घरी' इतकीच त्याची खात्री धरावी.

समुद्राच्या बाबतीत एकच सावधगिरी: शब्द ओळखीचा वाटला तरी जहाजावर त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूने तर्र. शीट म्हणजे चादर नाही आणि शीडही नाही, शिडाला ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज झिंगल्यासारखं चालतं. 'टेकन अबॅक' म्हणजे एकदम चकित, थबकलेला. वारा उलटून शिडं डोलकाठीवर दाबली गेली की जहाज असंच जागच्या जागी अडतं. 'नो द रोप्स' म्हणजे कामातल्या खाचाखोचा माहीत असणं. कुठला दोर कशाचा हे नव्या खलाशाला कुठे ठाऊक असतं?

इंग्रजी दोन आहेत, हे विसरू नका

ही वेगळी पायरी नव्हे, तिसरीचंच शेपूट. पण महागात पडणारं.

आपल्या विधिमंडळात अहवाल 'सभागृहाच्या पटलावर' ठेवला जातो. ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे हेच: विषय चर्चेला मांडणं. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे 'टेबल इट' म्हणजे तूर्त बाजूला ठेवा, नंतर बघू. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी एकत्र बसले असताना यावरून जुंपली होती. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते 'टेबल' करू म्हणत होते, आणि अमेरिकनांना वाटत होतं की हे कागद खणात ढकलतायत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर उमगलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. हा किस्सा खुद्द चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नोंदवला आहे.

दुसरा किस्सा हसण्याजोगा नाही. एप्रिल १९५१, कोरियाच्या युद्धातली इम्जिन नदी. चिनी सैन्याचा लोंढा अंगावर आलेला असताना ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ: फार वाईट आहे, मदत पाठवा. अमेरिकन कानाने ऐकलं: थोडं अवघड आहे, पण चाललंय. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर वेढली गेली आणि तिच्यातले बहुतेक जवान कैद झाले. शब्दकोशात 'स्टिकी' चा अर्थ दोघांसाठी एकच होता. किती कमी करून सांगायची सवय आहे, हे शब्दकोशात नसतं.

म्हणून ब्रिटिश माणूस 'नॉट बॅड' म्हणाला तर खूश व्हा, आणि 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणाला तर सावध व्हा. कोकणातला माणूस 'बघू' म्हणाला की आपण जे समजतो तेच तिथे समजायचं.

चौथी पायरी: शब्दकोश, पण कुठल्या शब्दाखाली?

फोनवर काम सोपं आहे. अख्खा वाक्प्रचार टाकायचा, पुढे 'मीनिंग' लिहायचं. छापील शब्दकोशात लोक अडतात. 'स्पिल द बीन्स' स्पिलखाली पाहायचं की बीन्सखाली? शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत साधारणपणे पहिल्या भरीव शब्दाखाली वाक्प्रचार दिलेला असतो, म्हणजे इथे स्पिलखाली, नोंदीच्या शेवटी. 'गेट', 'टेक', 'पुट' यांसारखी क्रियापदं मात्र शेकडो ठिकाणी येतात, त्यांच्याखाली शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. तिथे पुढचं नाम गाठायचं.

अर्थ मिळाला की पुस्तक मिटू नका. त्याच्या आगेमागे बारीक अक्षरात 'इन्फॉर्मल', 'ह्युमरस', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ब्रिटिश', 'नॉर्थ अमेरिकन' असं काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या मते ते अर्थाहूनही महत्त्वाचं. मग उदाहरणाची दोन-तीन वाक्यं वाचायची. 'स्पिल द बीन्स' चा अर्थ 'गुपित फोडणे' एवढाच वाचला तर पुरेसं वाटतं. उदाहरणं पाहिली की कळतं, हे घरगुती, हलक्याफुलक्या बोलण्यातलं आहे. संरक्षण खात्याची गुपितं शत्रूला विकणाऱ्याबद्दलच्या गंभीर बातमीत ते बसत नाही.

पाचवी पायरी: मराठी जोडीदार शोधा, पण चेहऱ्यावरून नाही

इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण मराठी माणूस सगळ्यात जास्त इथे घसरतो.

चित्र सारखं म्हणून अर्थ सारखा, हा मोह फार वाईट. 'आर यू पुलिंग माय लेग?' चं 'माझे पाय ओढतोस का?' केलंत की घोटाळा झाला. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, खेकड्यांच्या टोपलीतलं. इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे थट्टा. 'माझी फिरकी घेतोस का?' हा त्याचा खरा जोडीदार, आणि गंमत म्हणजे त्यात पायाचा काही संबंध नाही.

'कीप ॲन आय ऑन माय बॅग' म्हणजे बॅगेवर लक्ष ठेव. 'माझ्या बॅगेवर डोळा ठेव' म्हणालात तर तुम्ही चोराला नेमलंत.

मीठ घ्या. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलंय ते पूर्ण खरं धरू नका. अमेरिकेत चिमटीऐवजी दाणा म्हणतात, 'ग्रेन ऑफ सॉल्ट'. मराठीत आपण तिखटमीठ लावून सांगतो. इंग्रजीत मीठ ऐकणाऱ्याकडे असतं, मराठीत सांगणाऱ्याकडे. म्हणजे शेजारच्या काकूंनी तिखटमीठ लावून सांगितलेली बातमी इंग्रजाने चिमूटभर मीठ घेऊन ऐकावी. 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणजे पगाराच्या लायकीचा, कामात चोख. 'खाल्ल्या मिठाला जागणारा' नव्हे, कारण आपल्या मिठात निष्ठा आहे आणि त्यांच्या मिठात कर्तबगारी. आणि 'रब सॉल्ट इन द वूंड' मात्र थेट जखमेवर मीठ चोळणं. तीन मिठांपैकी एकच जुळलं. यावरून नियम काढायला जाल तर तो मिळणार नाही, प्रत्येक मीठ वेगळं चाखावं लागतं.

काही वाक्प्रचार तर इंग्रजीतून येऊन आपल्या घरात इतके रुळलेत की ते पाहुणे होते हेच आठवत नाही. लालफितीचा कारभार, हिमनगाचं टोक, पांढरा हत्ती. यातला हत्ती मजेशीर आहे. 'व्हाइट एलिफंट' म्हणजे पोसायला महाग आणि उपयोगाला शून्य अशी वस्तू; सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पवित्र पांढरा हत्ती भेट देऊन कंगाल करायचा, अशी आख्यायिका त्याच्यामागे सांगतात. आपल्याकडे पांढरा हत्ती म्हणजे इंद्राचा ऐरावत, आणि दारात हत्ती झुलणं म्हणजे वैभव. तरीही वर्तमानपत्रातला 'महामंडळाचा पांढरा हत्ती' आपल्याला बरोबर समजतो.

जोडीदार शोधायला वापराची परीक्षा लावा. ज्या प्रसंगी इंग्रज हे म्हणेल, त्याच प्रसंगी माझी आजी काय म्हणाली असती? 'टर्न अ ब्लाइंड आय' ला ती 'कानाडोळा केला' म्हणाली असती. 'कॅट गॉट युअर टंग?' ला 'दातखीळ बसली का?' 'बटरफ्लाइज इन माय स्टमक' ला 'पोटात गोळा आला' हा शेजारी आहे, पण जुळा नाही. फुलपाखरांत हुरहुर असते, आनंदाचीही असू शकते. गोळा भीतीचाच. असा फरक दिसला की वहीत तो फरकच लिहायचा. मराठी बाजू आठवेनाशी झाली की मी दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' काढते आणि मग एका शब्दासाठी गेलेली तासाभराने परत येते.

सहावी पायरी: ताप मोजा

अर्थ बरोबर, जागा चूक. ओळखीच्या एका गृहस्थांनी रजेच्या अर्जात आजोबांच्या निधनाबद्दल 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट' लिहिलं होतं. शाळेच्या यादीत 'टू डाय' एवढाच अर्थ दिला होता, त्यांनी इमानाने वापरला.

मराठीत आपल्याला ही उतरंड बरोबर कळते. निधन झालं, देवाज्ञा झाली, वारले, गेले, खपले, गचकले. रजेच्या अर्जात कुणी 'आजोबा गचकले' लिहील का? 'किक द बकेट' ची पायरी तिथली. आजोबांसाठी 'पास्ड अवे'. कुठलाही नवा वाक्प्रचार मिळाला की त्याला या उतरंडीत कुठे बसवायचं ते ठरवा. साहेबाला, सासऱ्यांना, मित्राला, की फक्त मनातल्या मनात?

वयही पाहा. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' आपल्याला शाळेत पहिल्यांदा शिकवतात, पण इंग्लंडात भिजत उभा असलेला माणूस तो क्वचितच म्हणतो. तो 'इट्स पोअरिंग' म्हणतो. समजायला शिका, वापरायची सक्ती नाही.

उगमाच्या गोष्टी: ऐका, पण चिमूटभर मीठ हाताशी ठेवा

उगम ठाऊक असला की अर्थ लक्षात राहतो, यात शंका नाही. वरती मीही तेच केलं. पण जितकी गोष्ट रंगतदार, तितकी ती खोटी निघण्याची भीती.

त्याच कुत्र्यामांजरांची घ्या. १९९९ च्या सुमारास एक ईमेल जगभर फिरला. जुन्या इंग्लंडात म्हणे गवताची छपरं असत, कुत्री-मांजरं त्यात झोपत, आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. घर शाकारताना पाहिलेला कोकणातला कुठलाही माणूस सांगेल, पाऊस आला की कुत्रं पडवीत येतं, छपरावर जात नाही. हा प्रयोग सतराव्या शतकापासून थोड्याफार फरकाने सापडतो आणि १७३८ मध्ये जोनाथन स्विफ्टच्या लेखनात आजच्यासारखा दिसतो. कुत्रीमांजरंच का, याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. आपल्याकडे तरी मुसळधार पावसात कुणाच्या डोक्यात मुसळ पडलंय?

'बॉब्स युअर अंकल' म्हणजे 'झालं काम!'. हे बटण दाबा, ते फिरवा, अँड बॉब्स युअर अंकल. बॉब मामा की काका हा मराठी माणसाला पडणारा पहिला प्रश्न. प्रचलित गोष्टीप्रमाणे तो मामा: पंतप्रधान रॉबर्ट सेसिल, म्हणजे लॉर्ड सॅलिसबरी, यांनी १८८७ मध्ये आपला भाचा आर्थर बॅल्फोर याला आयर्लंडच्या कारभारावर नेमलं. नेमणूक खरी, नातं खरं. पण या वाक्प्रचाराचे छापील पुरावे मिळतात ते १९२० च्या दशकापासून. मधल्या चाळीसएक वर्षांत तो कुठे लपून बसला होता?

आणि 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे सगळंच्या सगळं, काही न वगळता. यार्ड म्हणजे वार. नऊ वार ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एकच वस्त्र येतं आणि मन म्हणतं, ही नऊवारीच असणार! मलाही तसं वाटायला आवडलं असतं. इंग्रजीत विमानातल्या मशीनगनच्या गोळ्यांचा नऊ यार्डांचा पट्टा, सिमेंटचा ट्रक अशा बऱ्याच गोष्टी सांगतात. पण अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका वर्तमानपत्रात १९०७ मध्येच हा प्रयोग छापलेला आहे, लढाऊ विमानांच्या आधी. त्याच सुमाराला केंटकीत लोक 'सहा यार्ड' ही म्हणत होते. म्हणजे आकडा पक्का नव्हताच, आणि आपला सहावारीवरचाही दावा गेला.

वहीत मी उगमापुढे नेहमी दोनपैकी एक खूण करते: 'पक्कं' किंवा 'म्हणे'. 'म्हणे' चीच पानं जास्त भरली आहेत.

वापरायचंच असेल तर

वाक्प्रचाराला हात लावू नका, तो आहे तसा उचला. 'पीस ऑफ केक' म्हणजे सोपं काम, पण 'पीस ऑफ पेढा' केलंत तर विनोद म्हणून चालेल, एरवी नाही. काळ बदलतो, 'माय लेग' चं 'हर लेग' होतं, एवढी मोकळीक असते. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की खरोखरच कुणीतरी बादली लाथाडलेली असते. आपलंही असंच आहे. 'त्याने धूम ठोकली' म्हणतो, 'त्याच्याकडून धूम ठोकली गेली' कुणी म्हणत नाही. एका मेलमध्ये एक वाक्प्रचार पुष्कळ झाला. दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून तीनदा ऐकल्याशिवाय मी नवा वाक्प्रचार स्वतः वापरत नाही.

चालू मीटिंगमध्ये अडलात तर

शब्दकोश उघडायला वेळ नाही, पलीकडे सहा चेहरे, आणि कुणीतरी म्हणतं, "लेट्स टेबल धिस." इथे वाक्प्रचाराचा अर्थ विचारू नका. अर्थ विचारला की समोरचा शिक्षक होतो आणि तुम्ही विद्यार्थी. त्यापेक्षा कृती विचारा: नेमकं कुणी, काय, कधी करायचं? 'बॉलपार्क फिगर' कळलं नाही तर म्हणा, "सो, अ रफ नंबर बाय फ्रायडे?" चूक असेल तर तो सुधारेल, बरोबर असेल तर 'येस' म्हणेल. दोन्ही वेळा तुम्हाला उत्तर मिळालं आणि तुम्हाला शब्द कळला नव्हता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाच्याने परवा हे करून पाहिलं. लंडनचा एक आणि टेक्ससचा एक, दोघेही कॉलवर होते. लंडनवाला म्हणाला 'टेबल'. भाच्याने विचारलं, "सो आर वुई डिस्कसिंग इट टुडे, ऑर नॉट?" लंडनवाला म्हणाला, "टुडे, ऑफ कोर्स." टेक्ससवाल्याने तोवर फाइल बंद केली होती, ती त्याने पुन्हा उघडली.